.३०८ च्या पुंगळीची नेक बुलेटला किती घट्ट धरते? (नेक टेन्शन)

टूलरूम_हिंगणा (धागाकर्ता)

हा धागा माझ्या भाच्याच्या प्रश्नावरून काढतोय. पण विषय असा आहे की टूलरूम, धातू आणि नेमबाजी या तिन्हीतल्या लोकांनी मिळून डोकं लावावं. भाचा सीताबर्डीतच वाढला, आता डॅलसला असतो. त्याच्याकडे .३०८ विंचेस्टरची बोल्ट ॲक्शन रायफल आहे, लांब पल्ल्याच्या मॅच खेळतो आणि तिकडे कायद्यात बसतं म्हणून काडतुसं घरीच भरतो. झाडलेली पितळी पुंगळी साफ करायची, डायमध्ये दाबून मापावर आणायची, नवं प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी), तोलून घेतलेली पावडर आणि शेवटी वरून बुलेट दाबून बसवायची. इथे आपल्याला हे करता येत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो: चर्चा फिटची आणि पितळेची आहे, घरी कारखाना काढण्याची नाही.

त्याची अडचण अशी. पावडर बारीक काट्यावर तोललेली, बुलेट चांगल्या, प्रायमर एकाच लॉटचे. तरी क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) एका राउंडचा वेग दुसऱ्याहून सेकंदाला ४०-५० फुटांनी वेगळा येतो. शंभर यार्डांवर हे दिसत नाही. हजार यार्डांवर नुसता २० फुटांचा फरक असला तरी गोळी वीतभर खाली-वर जाते, आणि त्याचं टार्गेटही तसंच उभं पसरलेलं आहे, आडवं नाही. बुलेट बसवताना एक अलगद आत जाते, दुसरीला प्रेसच्या दांड्यावर जोर द्यावा लागतो. मला तिथेच रोग दिसतो.

बुलेटचा व्यास ०.३०८ इंच, म्हणजे ७.८२ मिलिमीटर. नेकचं, म्हणजे पुंगळीच्या तोंडाकडच्या अरुंद नळीचं, आतलं माप त्याहून जरा कमी ठेवतात, समजा ०.३०६. हा जो दोन थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ५० मायक्रॉनचा फरक, त्यालाच ते लोक नेक टेन्शन म्हणतात. आपण हाउसिंगमध्ये बेअरिंग ठोकताना प्रेस फिट देतो, तोच हिशोब. मात्र तिथे दोन्ही भाग स्टीलचे, जाड आणि नवे असतात. इथे १४ थाऊ जाडीची पितळी नळी आहे, ती प्रत्येक फायरला फुगते, मग दाबली जाते, मग पुन्हा उघडली जाते. म्हणून गेजवर दोन थाऊ आले की पकड सारखी झाली, हे मला पटत नाही. माझं म्हणणं असं की माप नंतर बघा, आधी धातू एकसारखा करा. बाकीच्यांनी मतं द्यावीत.

धंतोलीकर

चांगला विषय. एक शंका. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांकडे वडिलोपार्जित परवान्याची रायफल आहे, झाडलेल्या पुंगळ्या त्यांनी जपून ठेवल्यात. परवाना आहे म्हटल्यावर स्वतःपुरती काडतुसं भरली तर चालतील का? प्रेस आणि डाय बाहेरून मागवता येतात असं ते म्हणतात.

सिव्हिल_लाइन्स_वकील

नाही चालणार. त्यांना आजच सांगा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा तयार करायला स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगायचा परवाना वेगळा, त्यात उत्पादन येत नाही. स्वतःपुरतं केलं की विकायला केलं, याने गुन्हा टळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २५ खाली याला कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पावडरचा विषय आणखी निराळा, तो विस्फोटक अधिनियम १८८४ कडे जातो, आणि तो कायदा राबवणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय तर आपल्याच नागपुरात आहे. छंद म्हणून वाचा, समजून घ्या, पण त्या गृहस्थांना प्रेस मागवू देऊ नका.

टूलरूम_हिंगणा

वकील साहेब, आभार. हे ठळकपणे यायला हवंच होतं. धंतोलीकर भाऊ, पुढचं सगळं डॅलसच्या बाकावरचं आहे असं समजूनच वाचा.

सीताबर्डी_ते_डॅलस

मामा, धागा काढलात ते बरं झालं. मापं देतो. झाडलेल्या पुंगळीच्या नेकचं बाहेरचं माप ०.३४४. माझी साधी फुल लेंग्थ डाय आहे, आत एक्स्पांडरचा मणी असतो ती. मणी काढून नुसती डाय मारली तर बाहेरचं माप ०.३३० वर येतं. मणी लावून मारली की पुंगळी बाहेर ओढताना तो मणी नेकमधून वर येतो आणि माप ०.३३४ होतं. बुलेट बसल्यावर ०.३३६. पितळ सगळं एकाच कंपनीचं, पण काही पुंगळ्या दोनदा झाडलेल्या, काही सहा-सात वेळा. सगळ्या एकाच डब्यात आहेत. ॲनिलिंग, म्हणजे तापवून मऊ करणं, अजून केलेलं नाही.

टूलरूम_हिंगणा

बाळा, या मापांतच उत्तर आहे. ०.३४४ वरून ०.३३४ वर यायचं होतं, म्हणजे दहा थाऊ. तुझी डाय १४ थाऊ खाली नेते आणि मग मणी चार थाऊ परत वर आणतो. म्हणजे दर वेळी पितळ गरजेपेक्षा आठ थाऊ जास्त हलतं, चार खाली नि चार वर. पितळ थंडपणी जितकं हलवाल तितकं कडक होत जातं. दोनदा हललेली नेक आणि सातदा हललेली नेक हे आता दोन वेगळे धातू आहेत असं समज. गेज दोघींना ०.३०६ म्हणेल. बुलेटला मात्र त्या वेगवेगळ्या धरतील.

दुसरं म्हणजे तो मणी नेकला आतून घासत वर ओढतो. आत वंगण नसलं तर नेक लांबते आणि एका बाजूला कलते. व्ही ब्लॉकवर पुंगळी ठेव, नेकवर डायल (सूक्ष्म हालचाल दाखवणारा काटा) लाव आणि सावकाश फिरव. मणी मारण्याआधी आणि मारल्यानंतर काटा किती हलतो ते बघून कळव.

कोराडीवाला

टूलरूम भाऊ, मले एक समजून नाही राहिलं जी. बुलेट घट्टच पाहिजे ना? मंग दोनच थाऊ काऊन? पाच ठेवा ना. ढिल्ली राहिली त मॅगझिनमंधी मांगं-पुढं सरकन का नाही?

टूलरूम_हिंगणा

कोराडीवाले भाऊ, प्रश्न एकदम नेमका आहे. आधी सरकण्याचं बोलू, कारण त्यात धोका आहे. बुलेट आत ढकलली गेली की पुंगळीतली जागा कमी होते आणि तेवढ्याच पावडरचा दाब वाढतो. म्हणून मॅगझिनमधून आपटत चढणाऱ्या सेमी ऑटोमॅटिकला लोक तीन थाऊच्या आसपास ठेवतात. एकेक राउंड हाताने घालणाऱ्या बोल्ट ॲक्शनला एक-दोन थाऊत भागतं.

आता पाच थाऊ का नको ते. ०.३०८ वर एक थाऊ म्हणजे साधारण ०.३ टक्के ताण. कडक पितळसुद्धा ०.३-०.४ टक्क्यांपर्यंतच स्प्रिंगसारखं वागतं, मऊ पितळ त्याच्याही बरंच आधी सोडून देतं. त्यापुढे गेलात की ते कायमचं फाकतं. तुम्ही पाच थाऊ ठेवले तर पहिले तीन-चार थाऊ बुलेटच आत जाताना फाकवून टाकते. मग बुलेट तुमची एक्स्पांडर झाली, आणि उरलेली पकड घूम-फिरके तीच एक-सव्वा थाऊची. वरून बसवायला जोर जास्त, बुलेटचं तांब्याचं जॅकेट खरवडलं जाणार आणि नेक वाकडी व्हायची शक्यता वाढणार. फायदा जवळपास काही नाही.

भाच्याने हे तपासून बघावं. पावडर नाही, प्रायमर नाही, अशा डमी पुंगळ्या घे. काहींना एक थाऊ, काहींना तीन, काहींना पाच थाऊ फरक ठेव. बुलेट बसव, कॉलेट पुलरने परत काढ, आणि नेकमध्ये पिन गेज (अचूक मापाची सळई) घालून बघ. व्हर्निअरचे आतले जबडे वापरू नकोस, एवढ्या लहान भोकात ते कडेला टेकतात आणि माप कमी दाखवतात.

सीताबर्डी_ते_डॅलस

केलं मामा. सगळ्या डमींमध्ये ०.३०७ ची पिन जाते! एक थाऊवाल्यांत सरळ जाते, पाच थाऊवाल्यांत जरा दाबावी लागते, पण जाते. म्हणजे पाचवाली जवळजवळ चार थाऊ कायमची फाकली. बुलेटवर चरेसुद्धा त्याच डमींमध्ये दिसले, बेसच्या वर तांब्याचा बारीक कीस निघालाय.

डायलचंही बघितलं. मणी मारण्याआधी काटा एका थाऊच्या आत होता. मणी मारल्यावर काही पुंगळ्यांत तीन, काहींत चार.

कोराडीवाला

हे भारी आहे जी. आता समजलं. म्हंजे घट्टपणा वाढवाले गेलं त पितळच माघार घेते.

बुटीबोरी_सीएनसी

मग मणी काढून टाकायचा आणि बुशिंग डाय घ्यायची, विषय संपला. बुश बाहेरून नेक दाबतो, हव्या त्या मापाचा बुश मिळतो. नियम सोपा आहे: बुलेट बसलेल्या राउंडच्या नेकचं माप घ्या, त्यातून दोन-तीन थाऊ वजा करा, तो बुश. ०.३३६ असेल तर ०.३३४ किंवा ०.३३३. पितळ एकदाच खाली येतं, वर-खाली होत नाही.

टूलरूम_हिंगणा

बुशिंग डाय घ्यावीच, यात वाद नाही. पण विषय तिथे संपत नाही, कारण बुश बाहेरचं माप धरतो आणि बुलेट बसते आतल्या मापात. नेकची जाडी सगळीकडे सारखी कुठे असते? एका बाजूला १३.५ थाऊ, समोर १५, असं सर्रास सापडतं. बुशने बाहेरून गोल केलं की तो सगळा कमी-जास्तपणा आत ढकलला जातो. म्हणून बुशने एक थाऊ जास्त खाली न्यायचं आणि मग मँड्रेल, म्हणजे मापाचा गुळगुळीत दांडा, घालायचा. मँड्रेल तोंडाकडून आत ढकलला जातो, मण्यासारखा आतून वर ओढला जात नाही, म्हणून नेक ताणली जात नाही. आतलं भोक गोल आणि मापाचं होतं, खोट असेल ती बाहेर जाते. बाहेर चेंबरमध्ये, म्हणजे बॅरलमधल्या पुंगळी बसायच्या जागेत, मोकळी जागा असते, तिथे ती खोट फारशी बाधत नाही. ०.३०६ चा मँड्रेल घ्या, पितळ थोडं परत मिटतं, तेवढं धरून चाला.

बुटीबोरी_सीएनसी

आमचा इथे मतभेद राहील भाऊ. जितकी ऑपरेशन्स जास्त तितकं व्हेरिएशन जास्त, हे शॉपमध्ये रोज बघतो. चांगलं पितळ घेतलं, जाडी अर्ध्या थाऊच्या आत असली, तर मँड्रेल म्हणजे पितळाला फुकट एकदा जास्त हलवणं. आणि जाडी वाईटच असेल तर नेक टर्निंग करा: बाहेरून हलका कट घ्या, जाडी सारखी करा, मग नुसता बुश पुरतो. रोगावर इलाज करा, रोग बाहेरच्या बाजूला सरकवू नका.

टूलरूम_हिंगणा

टर्निंग केलं तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पण कट फार खोल गेला तर नेक पातळ होते आणि चेंबरमध्ये जास्त फुगते, मग पुन्हा तेच जास्तीचं हलणं. साध्या फॅक्टरी चेंबरच्या रायफलला मी टर्निंग सुचवणार नाही, मँड्रेलच सुचवीन.

वरणगाव_निवृत्त

नमस्कार. माझी उभी नोकरी दारूगोळा कारखान्यात, पितळाच्या कामावर गेली. आता नागपुरात स्थायिक आहे. चर्चा वाचून राहवलं नाही. टूलरूम साहेबांचं मूळ म्हणणं बरोबर आहे आणि त्याला पूरक असं थोडं सांगतो.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. चकतीपासून वाटी, वाटीपासून लांब नळी, असं ओढत ओढत करतात आणि मध्ये मध्ये तापवून मऊ करतात, नाहीतर चिरेल. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचं जे काम तुम्ही पाहिलं असेल तिथेही तेच: ठोकून कडक झालं की भट्टीत, मग परत ठोकणं. पुंगळीत शेवटी नेक आणि खांदा (नेकखालचा उतार) तेवढा पुन्हा तापवतात. लष्करी काडतुसावर नेकपाशी जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो त्याच तापवण्याचा. नागरी बाजारातल्या बऱ्याच कंपन्या तो पॉलिश करून घालवतात.

नेक का तापवायची याचा इतिहास आपल्याच देशातला आहे. इंग्रजांच्या काळात इथल्या पावसाळ्यात साठवलेल्या काडतुसांच्या नेकला आपोआप चिरा पडत. न झाडता, न हात लावता. पुष्कळ दारूगोळा घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेला असे. घोड्यांच्या मुताचा अमोनिया, हवेतली ओल आणि ओढकामातून पितळात अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून फाटतं. पावसाळ्यात होतं म्हणून त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. त्याचा नीट उलगडा १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. इलाज हाच: तापवून ताण काढा. तुमच्या भाच्याला सांगा, पुंगळ्या धुवायला अमोनिया असलेलं कुठलंही क्लीनर वापरू नये. बुलेट बसलेली नेक कायम ताणाखालीच असते, तिला अमोनिया चालत नाही.

सीताबर्डी_ते_डॅलस

काका, फार आभारी आहे. पागेची गोष्ट इथल्या मित्रांना सांगितली, कुणालाच ठाऊक नव्हती. ॲनिलिंग घरच्या बाकावर करायचं तर काय जपावं? माझ्याकडे गॅसचा टॉर्च आहे आणि ड्रिलवर फिरणारा सॉकेट होल्डर आहे.

वरणगाव_निवृत्त

रिकामी पुंगळी, प्रायमर काढलेली. हे आधी. मग तीन गोष्टी सांभाळ.

उष्णता नेक आणि खांद्यापुरतीच राहिली पाहिजे. बुडाचा भाग कधीही मऊ होता कामा नये. फायरच्या वेळी सगळा दाब त्या बुडावर येतो, तो भाग मऊ झाला तर प्रायमरची जागा सैल होईल, पुंगळी फाटू शकते आणि गॅस तुझ्या तोंडाकडे येईल. अशी एकही पुंगळी वापरायची नाही, पिळून भंगारात टाकायची. तापमान दाखवणारा रंग मिळतो, तो खांद्याच्या खालच्या अंगाला लाव, म्हणजे उष्णता कुठवर उतरली ते कळेल.

किती तापवायचं? अंधाऱ्या खोलीत ज्योतीखाली नेक जेमतेम लालसर दिसायला लागली की बाहेर. ज्योत नारिंगी व्हायला लागली म्हणजे जास्त झालं. जास्त मऊ झालेली नेक स्प्रिंगपणा हरवते, मग पकडच उरत नाही.

आणि काढल्यावर पाण्यात टाकलीस काय किंवा टॉवेलवर ठेवलीस काय, पितळाला फरक पडत नाही. पोलादासारखं ते पाण्याने कडक होत नाही. पाण्याचा उपयोग एवढाच की उष्णता बुडाकडे जायची थांबते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकीला सारखा वेळ. ड्रिल फिरत असताना सेकंद मोजायला मेट्रोनोम लाव, मनात मोजू नकोस.

त्रिमूर्तीनगरची_आई

मी हा धागा अर्धाच समजून वाचला, तरी विचारते. माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते, पुढे मावळंकर स्पर्धेची तयारी चालू आहे. क्लबमधली मोठी मुलं ५० मीटरला .२२ चालवतात. त्यांना किंवा तिला यातलं काही लागू पडतं का? की हे फक्त मोठ्या रायफलचं आहे?

दहा_मीटर

ताई, .२२ रिमफायर घरी भरण्यासारखं नसतंच, परवाना असो वा नसो. त्यात प्रायमरचं मिश्रण बुडाच्या काठात भरलेलं असतं, फायरिंग पिनने तो काठ चेपला की पुंगळी संपली. बुलेटही पुंगळीइतक्याच जाडीची असते, तिचा मागचा निमुळता भाग आत जातो आणि तोंड कारखान्यातच आवळलेलं असतं. म्हणून ५० मीटरवाले एकच काम करतात: वेगवेगळ्या लॉटचं ॲम्युनिशन आपल्याच बॅरलमधून झाडून बघायचं आणि जमेल तो लॉट घेऊन ठेवायचा. स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, याच .२२ वर.

तुमच्या मुलीला पेलेटचा फिट लागू पडतो. डब्यावर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं, ते पेलेटच्या डोक्याचं माप. एका शतांशाचा फरक, पण एका बॅरलला ४.४९ आवडतं, दुसऱ्याला ४.५०. रायफल व्हाइसमध्ये धरून १० मीटरवर प्रत्येक डब्यातून ग्रुप मारून बघा, म्हणजे मुलीचा हात त्यात येत नाही. मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळे ग्रुप थोडा मोठा झाला तरी दशांश गुण जातात. डबा खाली पडला असेल तर त्यातले पेलेट मॅचला नेऊ नका. शिसं मऊ असतं, स्कर्टची (पेलेटच्या मागच्या पोकळ भागाची) कड दबते.

त्रिमूर्तीनगरची_आई

खूप उपयोगी सांगितलंत दादा. आम्ही आजवर दुकानात असेल तो डबा आणत होतो. या रविवारी कोचना सांगून व्हाइस लावते.

सीताबर्डी_ते_डॅलस

मामा, अपडेट. पुंगळ्या फायरच्या संख्येप्रमाणे वेगळ्या केल्या, सगळ्या ॲनिल केल्या, बुशिंग डाय घेतली आणि ०.३०६ चा मँड्रेल. व्ही ब्लॉकवर काटा आता सगळ्यांत एका थाऊच्या आत. पण एक विचित्र झालं. पहिल्या खेपेत बुलेट सारख्या जोराने बसतच नव्हत्या. काही आत जाताना चक्क करकरत होत्या.

टूलरूम_हिंगणा

पुंगळ्या धुतल्यास कशात?

सीताबर्डी_ते_डॅलस

ओल्या टंबलरमध्ये, स्टीलच्या बारीक पिना आणि साबण घालून. आतून-बाहेरून आरशासारख्या निघतात.

टूलरूम_हिंगणा

मग तेच. पकड म्हणजे नुसता दाब नसतो, त्यात घर्षणही येतं. झाडलेल्या नेकमध्ये काजळीचा पातळ थर असतो, तो वंगणाचं काम करतो. पिनांनी तू तो पूर्ण खरवडून काढलास. आता कोरं पितळ कोऱ्या तांब्याला भिडतंय, ते एकमेकांना चावतात. असे राउंड महिनोन् महिने पडून राहिले तर सांधा आणखी घट्ट होतो, आणि पुलरमध्ये घातल्यावर आधी कट्ट आवाज येतो, मग बुलेट सुटते. पुढच्या वेळी कोरड्या टंबलरमध्ये साफ कर आणि नेकच्या आत नायलॉनचा ब्रश दोनदा फिरवून सोडून दे, काजळी राहू दे. पिनाच वापरायच्या असतील तर बसवण्याआधी नेकमध्ये कोरडी ग्रॅफाइट पूड लाव. तेल नको, तेल प्रायमर आणि पावडर दोन्ही खराब करतं. नेकच्या तोंडाची आतली धारही मारून घे, चॅम्फर दिल्याशिवाय बुलेट खरवडणारच.

बुटीबोरी_सीएनसी

यावर एक पुस्ती जोडतो, कारण ॲनिलिंगनंतर मापं बदलतात आणि ती दोन्ही हत्यारांत उलट्या दिशेने बदलतात. मऊ पितळ कमी उसळतं. बुशने दाबलं तर ते पूर्वीइतकं परत फुलत नाही, म्हणजे भोक थोडं लहान राहतं, पकड जास्त. मँड्रेलने उघडलं तर ते पूर्वीइतकं परत मिटत नाही, म्हणजे भोक थोडं मोठं राहतं, पकड कमी. तेव्हा आधीच्या कडक पितळावर ठरवलेला बुश किंवा मँड्रेल डोळे झाकून वापरू नका. ॲनिल केलेल्या पुंगळीवर पिन गेज घालून परत ठरवा. हे मँड्रेल न आवडणारा माणूस सांगतोय, तरी ऐका.

टूलरूम_हिंगणा

शंभर टक्के बरोबर. आणि एकदा ॲनिलिंग सुरू केलं की ते दर फायरनंतर, नाहीतर ठरावीक अंतराने, सगळ्यांचं एकदमच करायचं. अर्धी ॲनिल केलेली आणि अर्धी न केलेली एकाच डब्यात टाकलीस तर पुन्हा पहिल्या पायरीवर येशील.

सीताबर्डी_ते_डॅलस

काजळी ठेवून पुन्हा बसवल्या. हातालाच फरक कळतो मामा, प्रत्येक बुलेटला दांडा सारखाच जड लागतो. एका मित्राकडे जोर दाखवणारी डायल लावलेली आर्बर प्रेस आहे, तिच्यावर बसवलेला लॉट वेगळा ठेवला आणि ज्या बुलेटला काटा खूपच वर गेला त्या बाजूला काढल्या. क्रोनोग्राफवर फरक आता २० फुटांच्या आत आहे. हजार यार्डांवर उभा पसारा निम्म्याहून कमी झालाय.

एक शेवटचं विचारतो. सगळ्यात जुन्या पुंगळ्यांपैकी काहींत बुलेट खाली जाताना शेवटच्या टप्प्यात पुन्हा अडखळते. माप, ॲनिलिंग, काजळी सगळं बाकीच्यांसारखंच आहे. नेकच्या तळाशी, खांद्याजवळ.

वरणगाव_निवृत्त

तो डोनट. खांद्याचं पितळ जाड असतं, दर फायरला ते थोडं थोडं पुढे सरकतं आणि नेकच्या बुडाशी आतल्या बाजूने कडं तयार होतं. बुश ते आत दाबतो, म्हणून तिथे भोक बारीक होतं.

तपासायची रीत सोपी आहे. नुकतीच झाडलेली पुंगळी घे, डाय मारू नकोस, आणि तिच्यात बुलेट तोंडातून नुसती सोड. सरळ खाली पडली तर ठीक. तळाशी अडकली तर कडं आहे. हे नुसत्या नेमाचं काम नाही, सुरक्षेचं आहे. फायरच्या वेळी नेकला फुलून बुलेट सोडायला जागा लागते, तिथे पितळ जाड झालं आणि चेंबर घट्ट असलं तर दाब वाढतो.

तुझ्या बुलेटचा पूर्ण जाडीचा भाग त्या कड्याच्या वरच थांबत असेल तर ती पुंगळी चालेल. खाली जात असेल तर आतून रीमर मारून कडं काढावं लागेल. एवढ्या जुन्या मोजक्याच पुंगळ्या असतील तर रीमरच्या नादी लागू नकोस, त्या बाद कर आणि नवीन पितळ घे.

सीताबर्डी_ते_डॅलस

सोडून बघितली काका. अडकते. त्या सगळ्या चेपून भंगाराच्या डब्यात टाकल्या.